समुद्रतळाची खतावणी

व्यापारी घराण्यांना पोवळे अपरिचित नाही. नवरत्नांत त्याचे स्थान ठरलेले आहे. जवाहिऱ्याच्या पेढीवर ते तांबड्या, गुळगुळीत मण्याच्या रूपाने येते, काट्यावर तोलले जाते आणि कुणाच्या तरी अंगठीत जाऊन बसते. हे तांबडे पोवळे प्रामुख्याने भूमध्य समुद्राच्या अंधाऱ्या कपारींतून शतकानुशतके येत राहिले. ज्या जीवाने ते घडवले, त्याचे दूरचे नातलग उष्ण प्रदेशांतील उथळ, सूर्यप्रकाशाने उजळलेल्या समुद्रात राहतात. त्यांना अंगठीत स्थान नाही. मात्र त्यांनी पाण्याखाली बांधलेल्या भिंतींच्या आधारावर किनाऱ्यावरची लक्षावधी माणसे जगत असतात.

दुकानदार वर्षातून एकदा तरी मालाची मोजणी करतो. कोठारात काय होते, काय विकले गेले, काय नासले आणि काय शिल्लक राहिले, हे त्याला वहीत उतरवावेच लागते. ज्या पेढीवर मोजणी होत नाही, त्या पेढीचे दिवाळे निघाल्याचे मालकालाच सर्वांत शेवटी कळते. समुद्राच्या बाबतीत मानवजातीचे बव्हंशी असेच झाले. कोठार अथांग आहे, अशी समजूत होती. त्यामुळे मोजण्याची गरज कुणाला वाटली नाही. ही मोजणी कोणी सुरू केली, ती करण्यासाठी सामान्य माणसे पाण्याखाली कशी उतरली आणि त्या आकड्यांतून काय निष्पन्न झाले, याची हकिकत मनन करण्याजोगी आहे.

दगड नव्हे, वसाहत

प्रवाळ पाहताक्षणी दगड वाटतो, कुणाला झुडूप वाटते. प्रत्यक्षात तो प्राणी आहे. बहुधा काही मिलिमीटर आकाराचा, मऊ देहाचा हा जीव समुद्राच्या पाण्यातील द्रव्ये घेऊन आपल्याभोवती चुनखडीची वाटी बांधतो. त्याच्या शेजारी दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा, अशा सहस्रावधी जीवांची एक वसाहत होते. जुन्या वाट्यांवर नव्या वाट्या चढत जातात आणि त्यातून प्रवाळभिंत उभी राहते. या जीवाच्या देहात सूक्ष्म शैवाल वास करते. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. यजमान त्याला आसरा देतो. प्रवाळाचे रंगही बव्हंशी या भागीदारीचेच फळ असते. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी अधिक तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, तरी ही भागीदारी मोडते. शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरेफटक पडते आणि पाणी लवकर निवले नाही, तर उपासमारीने मरते.

वाढीचा वेग ध्यानी घेतला, म्हणजे या बांधकामाचे मोल कळते. फांद्यांचे प्रवाळ तुलनेने झपाट्याने वाढते. परंतु घुमटाकार, दगडी प्रवाळ वर्षाकाठी सुमारे एक सेंटीमीटर, पुष्कळदा त्याहूनही कमी वाढते. पुरुषभर उंचीचा एखादा घुमट पाण्याखाली दिसला, तर त्याचा पाया आजोबांच्या आजोबांच्या काळात घातला गेला असे समजावे. समुद्रतळाचा एक टक्काही भाग प्रवाळभिंतींनी व्यापलेला नाही. तथापि सागरी जीवजातींपैकी सुमारे चतुर्थांश जातींचा संबंध आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर या भिंतींशी येतो. शिवाय लाटांचा पहिला मार या भिंती आपल्या अंगावर घेतात, म्हणून त्यांच्या आडोशाची गावे टिकून राहतात.

मुद्दल मोडल्याची गोष्ट

फिलिपाईन्स हा सात हजारांहून अधिक बेटांचा देश. तेथील किनाऱ्यावरच्या लोकांचे अन्न आणि रोजगार प्रवाळभिंतींशी बांधलेले आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे मासेमारीच्या विनाशक रीती पसरल्या. पाण्यात स्फोटके फोडली जात. माशांना गुंगी आणण्यासाठी सायनाइड सोडले जाई. दोरांना बांधलेले जड दगड प्रवाळावर आपटून मासे जाळ्याकडे हाकलले जात. स्फोटाने एका क्षणात शतकभराचे बांधकाम कोसळते. उरलेला चुरा लाटांबरोबर हलत राहतो, म्हणून त्यावर नव्या प्रवाळाला पाय रोवता येत नाही. आजची टोपली भरते, पण ज्या जागेतून ती भरली ती जागाच संपते.

नेग्रोस बेटावरील दुमागेते शहरात सिलिमन विद्यापीठ आहे. तेथील जीवशास्त्रज्ञ एंजेल अल्काला यांनी १९७४ साली जवळच्या सुमिलोन या छोट्या बेटाभोवती एक प्रयोग आरंभला. बेटाभोवतीच्या प्रवाळभिंतीचा सुमारे चौथा हिस्सा मासेमारीला पूर्णपणे बंद करण्यात आला; उरलेले तीन हिस्से मच्छीमारांना खुले राहिले. कल्पना व्यापाऱ्याला सहज उमगेल अशी होती. चौथा हिस्सा हे मुद्दल. त्याला हात लावायचा नाही. तेथे मासे निर्धास्तपणे वाढतील, त्यांची वीण होईल आणि वाढावा सीमेबाहेर सांडेल. तो वाढावा हे व्याज. ते खुशाल घ्यावे.

दहा वर्षे हा क्रम कमीअधिक चालला. पुढे स्थानिक राजकारण पालटले, बंधन सैल झाले आणि १९८४ च्या सुमारास बंद ठेवलेला हिस्साही जाळ्यांना आणि स्फोटकांना मोकळा झाला. वरवरच्या हिशेबाने पाहता मच्छीमारांचा फायदाच व्हावयास हवा होता, कारण क्षेत्र वाढले होते. परंतु अल्काला आणि ऑस्ट्रेलियातील जेम्स कुक विद्यापीठाचे गॅरी रस यांनी पूर्वी आणि नंतर पकड मोजून ठेवली होती. संरक्षण मोडल्यानंतर सुमारे दोन वर्षांत बेटाभोवतीची एकूण पकड ५४ टक्क्यांनी घटल्याचे त्या मोजणीतून उघड झाले. क्षेत्र वाढले आणि उत्पन्न निम्म्याहून खाली आले. मुद्दल खाल्ले, तेव्हा व्याजही गेले.

या प्रसंगातील एक बारकावा महत्त्वाचा आहे. वही नसती, तर दोष वाऱ्याला, पावसाला किंवा नशिबाला दिला गेला असता. दोन्ही वेळचे आकडे हाती होते, म्हणूनच कारण झाकता आले नाही.

चौदा कुटुंबे

सुमिलोनच्या प्रयोगाला आणखी एक उणीव होती. मर्यादा घालण्याचा निर्णय प्रामुख्याने विद्यापीठ आणि नगरपालिका यांच्या पातळीवर झाला होता. ज्यांचा चरितार्थ त्या पाण्यावर होता, त्यांच्या मनातून तो उगवला नव्हता. दुसऱ्या बेटावर मात्र तसे झाले नाही.

नेग्रोसच्या आग्नेय टोकाजवळ आपो नावाचे जेमतेम पाऊण चौरस किलोमीटरचे बेट आहे. तेथील काहीशे रहिवाशांची उपजीविका मासेमारीवर होती. बेटाभोवतीचे मासे आटल्याने त्यांना होड्या वल्हवीत दूरदूरच्या पाण्यात जावे लागे. १९७९ साली अल्काला आणि त्यांचे सहकारी तेथे गेले. त्यांनी नियमांचा कागद पुढे केला नाही. त्यांनी बोलणी सुरू केली आणि ती तीन वर्षे चालली. आपोच्या काही मच्छीमारांना सुमिलोनला नेऊन तेथील राखीव पाण्यातले मासे प्रत्यक्ष दाखवण्यात आले. शंका साहजिक होती. आधीच पकड पुरत नाही, तर उरलेल्या पाण्यातलाही एक तुकडा सोडून देणे हा कसला शहाणपणा? घरात मुले आहेत, आजचे काय? ज्याच्या हाती शिल्लक काहीच नाही, त्याला बचत शिकवणे सर्वांत कठीण असते.

अखेर १९८२ साली चौदा कुटुंबे तयार झाली. त्यांनी किनाऱ्याचा सुमारे ४५० मीटर लांबीचा पट्टा निवडला. बेटाच्या मासेमारी क्षेत्राचा तो सुमारे दहावा भाग होता. तेथे कुणीही मासेमारी करावयाची नाही, असे ठरले. राखणीसाठी ना नौका होती, ना पगारी रखवालदार. किनाऱ्यावर बसून एका माणसाने पाण्याकडे लक्ष ठेवणे पुरेसे होते, म्हणून कुटुंबांनी पाळ्या लावून घेतल्या. उरलेले गाव पाहत राहिले. कुणी हसले असेल, कुणी वाट पाहिली असेल. जबरदस्ती मात्र कुणावर झाली नाही.

दोन-तीन वर्षांत राखीव पाण्यात मासे संख्येने आणि आकाराने वाढलेले दिसू लागले आणि त्यांच्यातले काही सीमेच्या बाहेरही येऊ लागले. तेव्हा बाकीची कुटुंबेही सामील झाली. पुढचे पाऊल अधिक मोठे होते. संपूर्ण बेटाभोवती स्फोटके, विष आणि बारीक आसाची जाळी वर्ज्य ठरली, तसेच बाहेरच्या होड्यांना मज्जाव झाला. पालिकेने या नियमांना मान्यता दिली आणि गावकऱ्यांचे स्वयंसेवी रक्षक समुद्रावर नजर ठेवू लागले. मासे जवळ आले, म्हणजे वल्हवण्याचे तास वाचले. निरोगी प्रवाळ पाहण्यासाठी जगभरातून पाणबुडे येऊ लागले, तेव्हा प्रवेशशुल्कातून गावाच्या सोयींना आणि मुलांच्या शिक्षणाला हातभार लागला. १९९४ मध्ये आपो राष्ट्रीय पातळीवर संरक्षित क्षेत्र जाहीर झाले. कारभार सरकारी मंडळाकडे गेल्यावर शुल्काच्या पैशांवरून कुरबुरीही झाल्या, कारण राखण करणाऱ्या माणसाला तिजोरी आपल्यापासून दूर गेलेली रुचत नाही. तरीही मर्यादा मोडली नाही. आज फिलिपाईन्समध्ये अशी हजाराहून अधिक सागरी संरक्षित क्षेत्रे आहेत आणि त्यांतील पुष्कळांचा आरंभ गावपातळीवरच झालेला आहे. अल्काला यांना १९९२ साली रॅमन मॅगसेसे पुरस्काराने गौरवण्यात आले; २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

मात्र एवढे सांगून थांबले, तर गोष्ट अर्धवट राहील. आपोच्या राखीव पाण्यात उतरून मासे मोजण्याचे काम १९८३ पासून अखंड चालू राहिले. मोठे शिकारी मासे फार सावकाश वाढतात. अठरा वर्षांच्या संरक्षणानंतरही त्यांची भर चालूच होती, आणि पूर्ण भरपाई होण्यास सुमारे चाळीस वर्षे लागतील, असा अंदाज रस आणि अल्काला यांनी २००४ मध्ये मांडला. म्हणजे ज्या माणसाने तरुणपणी किनाऱ्यावर पहिली पाळी केली, त्याला पूर्ण भरलेले कोठार पाहण्यासाठी म्हातारपणाची वाट पाहावी लागणार. झाडे आजोबांनी लावावीत आणि फळे नातवाने खावीत, हे आपल्याकडे सांगितले जाते. आपोच्या लोकांनी ते पाण्याखाली करून दाखवले.

पाण्याखालचे मुनीम

एका बेटाची मोजणी दोन शास्त्रज्ञांना जमू शकते. परंतु प्रवाळभिंती शंभराहून अधिक देशांच्या किनाऱ्यांवर पसरलेल्या आहेत आणि सागरशास्त्रज्ञ मूठभर. दुसरीकडे हौसेने पाण्याखाली उतरणारे लक्षावधी लोक जगात आहेत. कुणी शिक्षक, कुणी डॉक्टर, कुणी दुकानदार. त्यांना मोजायला शिकवले तर? याच विचारातून सागरशास्त्रज्ञ ग्रेगोर हॉजसन यांनी १९९६ मध्ये ‘रीफ चेक’ ही संस्था स्थापन केली. १९९७ च्या उन्हाळ्यात, जून ते ऑगस्ट या काळात, शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली स्वयंसेवक पाणबुड्यांनी ३१ देश व प्रदेशांतील तीनशेहून अधिक प्रवाळभिंती तपासल्या. जगभरातील प्रवाळांची एकाच पद्धतीने झालेली ही पहिली मोजणी होय.

पद्धत मुद्दाम साधी ठेवलेली आहे. शिस्त मात्र कडक. उतरण्यापूर्वी प्रत्येकाला ठरावीक जीव ओळखण्याची परीक्षा द्यावी लागते. सर्व जाती मोजायच्या नसतात. ज्यांच्या असण्या-नसण्यावरून भिंतीची प्रकृती कळते, अशा मोजक्याच. एका ठरावीक खोलीवर, प्रवाळाच्या उतारालगत शंभर मीटरची मोजफीत अंथरतात. मग सर्वजण थोडा वेळ दूर थांबतात, म्हणजे बुजलेले मासे परत येतात. फितीचे वीस-वीस मीटरचे चार तुकडे मानतात आणि प्रत्येक दोन तुकड्यांमध्ये पाच मीटर जागा सोडतात. पहिली जोडी फितीच्या दोन्ही बाजूंच्या अडीच-अडीच मीटर पट्ट्यातील मासे मोजत सावकाश पुढे सरकते. त्यात फुलपाखरू मासे येतात, पोपटाच्या चोचीसारख्या तोंडाचे मासे येतात आणि ग्रुपर नावाचे मोठे शिकारी मासेही येतात. दुसरी जोडी शेवंड, महाकाय शिंपले, सागरी काकड्या, काटेरी साळिंदरासारखे दिसणारे जीव आणि प्रवाळ खाणारे काटेरी तारामासे मोजते. पाण्याखाली बोलता येत नाही. प्लॅस्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने नोंद करायची आणि खुणांनी एकमेकांना सांगायचे.

तिसऱ्या जोडीचे काम तळाचे. तिच्या हाती गवंड्याच्या ओळंब्यासारखे, दोरीला बांधलेले छोटे वजन असते. फितीवर दर अर्ध्या मीटरला हा ओळंबा सोडायचा आणि तो जेथे टेकेल तेथे जे असेल, तेच लिहायचे: जिवंत कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, नुकतेच मेलेले प्रवाळ, शैवाल, खडक, चुरा, वाळू किंवा गाळ. चार तुकड्यांत मिळून अशा १६० नोंदी होतात. ओळंब्याची गरज काय, असा प्रश्न पडेल. डोळा लबाडी करतो, हे त्याचे उत्तर. समोर वीतभर अंतरावर जांभळ्या फांद्यांचे सुंदर प्रवाळ असते आणि ओळंबा पडतो राखाडी चुऱ्यावर. मनाला सुंदर तेच लिहावेसे वाटते. वजनाला आवडनिवड नसते. ज्या व्यापाऱ्याने तराजूच्या दांडीला बोट लागू न देण्याचे व्रत आयुष्यभर पाळले आहे, त्याला या ओळंब्याचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आणखी एक नियम असाच बोलका आहे. अपेक्षित जीव दिसला नाही, तर रकाना कोरा ठेवायचा नाही; तेथे शून्य लिहायचे. कोरा रकाना म्हणजे पाहिलेच नाही. शून्य म्हणजे पाहिले आणि सापडले नाही. पहिल्या पाच वर्षांच्या मोजणीत या शून्यांनीच जगाला जागे केले. एक फुटाहून मोठा ग्रुपर तपासलेल्या भिंतींपैकी जवळजवळ निम्म्या भिंतींवर एकही आढळला नाही. माणसापासून दूर, निर्मनुष्य समजल्या जाणाऱ्या भिंतीही या हानीतून सुटलेल्या नव्हत्या, असे १९९७ च्या पहिल्याच मोजणीने दाखवले होते.

आकड्यांची मर्यादा

मोजणी म्हणजे रक्षण नव्हे. वही लिहिल्याने तोटा भरून निघत नाही. तो कोठे होतो आहे, एवढेच कळते. पहिल्या जागतिक मोजणीला वर्ष होते न होते, तोच १९९८ मध्ये समुद्राचे पाणी असाधारण तापले आणि जगभर प्रवाळे पांढरी पडली. तशीच आपत्ती २०१० मध्ये आली. पुन्हा २०१४ ते २०१७ या काळात आली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा झाली. आपोच्या किनाऱ्यावर बसलेला राखणदार स्फोटके आणणाऱ्या होडीला परत पाठवू शकतो. तापलेल्या पाण्याला तो परत पाठवू शकत नाही.

आपोलाही धक्का बसला. २०११ आणि २०१२ अशा लागोपाठ दोन वर्षांच्या डिसेंबरात आलेल्या वादळांनी राखीव पट्ट्यातील प्रवाळाची दाणादाण उडवली. तीन दशकांची ठेव लाटांखाली भरडली गेली. अशा वेळी जुनी वही उपयोगी पडते. पूर्वी या पाण्यात काय होते, मर्यादा पाळल्यावर भर किती वर्षांत आणि कोणत्या क्रमाने पडली, हे गावाला पक्के ठाऊक होते. त्यामुळे निराश होऊन राखण सोडून देण्याऐवजी तो पट्टा पर्यटकांनाही बंद करून विश्रांतीसाठी ठेवण्यात आला. नुकसान सोसण्याचे बळ बऱ्याचदा जुन्या हिशेबातूनच येते.

आपल्या किनाऱ्यावर

ही कथा परदेशातील असली, तरी तिचे धागे आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात. भारतातील मोठ्या प्रवाळभिंती अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात येथे आहेत. लक्षद्वीपच्या प्रवाळांची मोजणी भारतीय शास्त्रज्ञ १९९८ पासून करीत आले आहेत आणि सुमारे पाव शतकात तेथील जिवंत प्रवाळाचे आच्छादन जवळपास निम्म्यावर आल्याचे त्यांच्या नोंदी सांगतात. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, मालवणच्या उथळ पाण्यात प्रवाळाचे लहान ठिपके आहेत. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत, भर समुद्रात एक बुडालेले पठार आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. तेथेही प्रवाळाची मोठी वस्ती आहे.

मालवण सागरी अभयारण्याची घोषणा १९८७ साली झाली. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. परंतु ज्यांच्या होड्या त्या पाण्यात होत्या, त्या मच्छीमारांना उपजीविकेची धास्ती वाटली आणि विरोध वर्षानुवर्षे राहिला. नियम योग्य होता की अयोग्य, हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी सुमिलोन आणि आपो यांच्यातील फरक येथे आठवल्यावाचून राहत नाही. मर्यादा ज्याने पाळायची, त्याला ती आपली वाटावी लागते. सिंधुदुर्गातच पुढे चौकोनी आसाची जाळी वापरून पाहण्याचे प्रयत्न मच्छीमारांसह झाले. या जाळ्यातून लहान मासे निसटून जातात आणि वाढायला मोकळे राहतात. असे उपाय गावाशी बोलून होतात, तेव्हा त्यांना मुळे फुटतात.

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत अनेक व्यापारी कुटुंबे आता मालवण, तारकर्ली, अंदमान येथे जातात. मुले पाण्याखालचे जग पाहण्याचा हट्ट धरतात आणि तो पुरवावा असाच आहे. मात्र पाहताना काही मर्यादा पाळता येतात. प्रवाळावर पाय टेकू नये आणि हाताने त्याला स्पर्शही करू नये, कारण त्याचा मऊ देह हाताच्या दाबानेही जखमी होतो. माशांना पाव किंवा बिस्किटे टाकू नयेत. हेतू दयेचा असला, तरी ते त्यांचे अन्न नव्हे. त्याने त्यांच्या सवयी बिघडतात आणि पाणीही. नांगर प्रवाळावर टाकणाऱ्या होडीवाल्याला नम्रपणे विचारता येते, आणि गिऱ्हाईकाने विचारलेला प्रश्न धंद्यातला माणूस सहसा कानाआड करीत नाही. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नये, विकतही घेऊ नये. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भिंत बांधणाऱ्या प्रवाळांना वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत संरक्षण दिले आहे. शोभेच्या पेटीत मांडलेला तो पांढरा तुकडा मालकाला थेट कायद्याच्या दारात नेऊ शकतो.

ज्यांना पोहता येते आणि शिकण्याची उमेद आहे, त्यांना आणखी पुढे जाता येईल. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. पाण्याखाली उतरण्याचे शिक्षण घेतलेला व्यापारी घराण्यातील एखादा तरुण उद्या मोजफीत आणि पाटी हाती घेईल, तर त्या कामाला लागणारे गुण त्याला नव्याने शिकावे लागणार नाहीत. रोजच्या रोज नोंद करणे, तोट्याचाही आकडा न लपवणे आणि वही दुसऱ्याला तपासू देणे, हे त्याने पेढीवर लहानपणापासूनच पाहिलेले असते.

आपोच्या चौदा कुटुंबांनी १९८२ मध्ये सुरू केलेल्या खात्यात पहिली दोन वर्षे जमेच्या बाजूला दाखवण्याजोगे फारसे काही नव्हते. नावेच्या बाजूला मात्र एक तुकडा पाणी, पाळीचे लांबलचक दिवस आणि शेजाऱ्यांच्या शंका होत्या. तरीही त्यांनी खाते बंद केले नाही. आज त्या कुटुंबांची नातवंडे त्याच किनाऱ्यावर वावरतात, आणि वादळांनी मोडलेल्या पट्ट्यावर नवे प्रवाळ आपली पहिली वाटी बांधू लागले, की त्याची नोंद करायला कुणीतरी पाटी घेऊन खाली उतरतेच.